माग, पंच आणि कोतवाल : गावच्या रखवालीतील जबाबदारीचा इतिहास

मराठीत ‘माग’ हा शब्द आज बहुधा वाक्प्रचारांतूनच भेटतो. माग काढणे, माग लागणे, मागमूस नसणे, मागोवा घेणे हे प्रयोग सर्वांच्या परिचयाचे आहेत. आणि त्यांच्या मुळाशी संस्कृत ‘मार्ग’ व प्राकृत ‘मग्ग’ आहे, हे व्युत्पत्तीच्या विद्यार्थ्यास निराळे सांगावयास नको. परंतु दोनशे वर्षांपूर्वी दख्खनच्या खेड्यात हा शब्द अलंकारिक नव्हता. माग म्हणजे चोराच्या पावलांची प्रत्यक्ष ओळ; ती कोणत्या गावाच्या शिवेपर्यंत जाऊन थांबते यावर चोरीस गेलेल्या मालाची भरपाई कोणी करावयाची हे ठरत असे. एका शब्दावर एवढा आर्थिक भार क्वचितच पडला असेल.

या व्यवस्थेचे सर्वांत स्पष्ट वर्णन माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन याने पेशव्यांकडून जिंकलेल्या मुलखाविषयी १८१९ साली सादर केलेल्या अहवालात आढळते. गावच्या बंदोबस्ताची जबाबदारी पाटलाची. त्याच्या हाताखाली कुलकर्णी आणि चौगुला. आणि प्रसंग पडल्यास सारा गाव त्याच्या मदतीस यावयाचा. तथापि प्रत्यक्ष काम पडे ते गावच्या राखणदारावर. रात्री पहारा करणे, गावात कोण आले व गावातून कोण गेले याची नोंद मनात ठेवणे, अनोळखी माणसांवर नजर ठेवून संशयिताची वर्दी पाटलास देणे आणि चोरी झाल्यास चोर शोधून काढणे ही त्याची कामे होत. गावातील प्रत्येकाचा स्वभाव त्यास ठाऊक असलाच पाहिजे, अशी अपेक्षा असे. एल्फिन्स्टनने येथे एक मार्मिक निरीक्षण नोंदविले आहे. राखणदाराचा मोबदला घरोघरच्या धान्याच्या लहान लहान वाट्यांतून मिळत असल्यामुळे तो वाटा किती आणि केव्हा मिळणार हे पाहण्यासाठी त्यास सदैव घरोघरी हिंडावे लागे. साहजिकच कोणाच्या घरी काय आहे याची माहिती त्याच्याइतकी दुसऱ्या कोणासही नसे. म्हणजे गरिबीच त्याच्या निरीक्षणशक्तीचे साधन झाली होती. अहवालाचा लेखक हे व्यवस्थेचे चातुर्य म्हणून सांगतो. आजच्या वाचकास त्यात दुसरेही काही दिसल्यावाचून राहत नाही.

चोरी झाल्यावर राखणदार माग धरून निघे. तो दुसऱ्या गावाच्या हद्दीत पोहोचला आणि तेथल्या राखणदाराची त्याविषयी खात्री पटली, की पहिल्याची जबाबदारी संपे. पुढचा शोध दुसऱ्याने घ्यावयाचा. ज्या गावापर्यंत माग निर्विवादपणे लागला व पुढे निघाला नाही, ते गाव चोरीच्या मालाबद्दल जबाबदार धरले जाई. भरपाई प्रथम राखणदाराने आपल्या ऐपतीप्रमाणे करावयाची आणि उरलेली रक्कम साऱ्या गावावर बसवावयाची. संपूर्ण भरपाई सक्तीने वसूल करणे अन्यायाचे आहे हे एल्फिन्स्टनलाही मान्य होते. तसे विशेष प्रसंगीच होई. एरवी थोडाफार दंड घेऊन भागविले जाई, आणि हयगय किंवा चोरांशी संगनमत आढळल्यास पाटलाचे अथवा राखणदाराचे इनाम त्याच्या जवळच्या नातलगाकडे वळविण्यापासून बेड्या घालण्यापर्यंतच्या शिक्षा होत.

येथे ‘खात्री पटणे’ या अटीकडे विशेष लक्ष दिले पाहिजे. माग ही एकट्या माणसाने पाहावयाची वस्तू नव्हती. ती दोन गावांच्या प्रतिनिधींनी शिवेवर उभे राहून एकमेकांस पटवून द्यावयाची गोष्ट होती. ज्यास ती पटली त्याच्या गळ्यात भरपाई पडणार! अशा स्थितीत दुसऱ्या राखणदाराने पाऊलखूण सहजासहजी ओळखली नसेल हे उघड आहे. खडकाळ माळ, नदीचे पात्र, गुरांच्या कळपाने तुडविलेली वाट ही त्याची वकिली करणारी स्थळे म्हणता येतील. इंग्लंडातही १२८५ च्या विंचेस्टर कायद्याने दरोडेखोर न सापडल्यास त्या विभागातील रहिवाशांवर भरपाई बसविली होती. त्यामुळे ही कल्पना केवळ पौर्वात्य ठरवून मोकळे होता येत नाही. जेथे राज्यसत्तेचा हात खेड्यापर्यंत पोहोचत नाही, तेथे ती शेजाऱ्यालाच जामीन धरते.

राखणदारास निरनिराळी नावे होती आणि ती बोलकी आहेत. ‘जागल्या’ हा जागण्यावरून. ‘येसकर’ किंवा ‘वेसकर’ हा गावाच्या वेशीवरून. दख्खनमध्ये हे काम बहुधा महार समाजाकडे असे. इतरत्र भिल्ल अथवा रामोशी यांच्याकडे. ज्याने वेस राखावयाची त्याची वस्ती मात्र वेशीबाहेर, हा विरोध गावगाड्याच्या अभ्यासकांच्या नजरेतून सहसा निसटतो. त्रिंबक नारायण आत्रे यांचा १९१५ सालचा ‘गावगाडा’ हा ग्रंथ या विषयावर अपरिहार्य आहे. पण तेथेही बलुत्याचा हिशेब कुणब्याच्या खळ्यावरून मांडलेला आहे, जागल्याच्या झोपडीतून नव्हे.

रामोशांची हकीकत अधिक गुंतागुंतीची आहे. किल्ल्यांच्या व गावांच्या राखणीचे हक्क पिढ्यान्‌पिढ्या उपभोगणाऱ्या या जमातीचे ते हक्क पेशवाईच्या अखेरीस व इंग्रजी अमलाच्या आरंभी संकोच पावले, आणि पुरंदरच्या परिसरातून उमाजी नाईकांचे बंड उभे राहिले. उमाजी १८३१ साली पकडले गेले व १८३२ च्या फेब्रुवारीत त्यांना पुण्यात फाशी देण्यात आले. त्यांच्या पाठलागावर असलेला कॅप्टन मॅकिंटॉश याने १८३३ साली रामोशांवर एक स्वतंत्र पुस्तकच प्रसिद्ध केले. राखणदाराचे वेतन थांबले म्हणजे राखणीचे कौशल्य कोणत्या दिशेने वळते, याचे हे ढळढळीत उदाहरण होय. पुढे कितीतरी वर्षे पुण्याच्या गोऱ्या वस्तीतील बंगल्यांवर रामोशी पहारेकरी ठेवण्याची चाल होती. तो ठेवला नाही तर चोरी होणारच, असा समज त्या चालीमागे होता. यास रखवाली म्हणावे की खंडणी, याचा निर्णय कोण बोलतो आहे यावर अवलंबून राहील.

शहरांत रहिवाशांचा असा वाटा नव्हता. तेथे कोतवालाचा अंमल चाले. पुण्याचा घाशीराम कोतवाल १७९१ साली लोकांच्या हातून दगडांनी ठेचला गेला, तो त्याच्या कोठडीत कोंडलेले अनेक तेलंगी ब्राह्मण गुदमरून मेल्यामुळे. शहरवासीयांनी बंदोबस्ताच्या कामात सामुदायिक हस्तक्षेप केल्याचा पेशवाईतील हा सर्वांत ठळक प्रसंग. आणि तो पोलिसांच्या साहाय्यासाठी नसून त्यांच्याविरुद्ध होता. खेड्यातील राखणदारास चुकल्यास भरपाई द्यावी लागे, नगरातील कोतवालावर रहिवाशांचा तसा कोणताच अंकुश नव्हता, ही तफावत या घटनेवरून ध्यानात येते.

इंग्रजी राज्यात १८६० ची दंडसंहिता आल्यावर गुन्हा हा व्यक्तीचा, गावाचा नव्हे, हे तत्त्व पक्के झाले. मुंबई इलाख्यासाठी १८६७ साली ग्राम पोलीस कायदा व १८७४ साली वंशपरंपरागत हुद्द्यांचा कायदा झाला. पाटील आणि राखणदार कायम राहिले; परंतु ते आता जिल्ह्याच्या दंडाधिकाऱ्याचे हस्तक झाले. पूर्वी जबाबदारी गावास होती, आता गावातील सर्वांत दुबळ्या नोकरास सरकारास उत्तर द्यावे लागू लागले. सामुदायिक जबाबदारी मात्र पूर्णपणे नाहीशी झाली असे नाही. अशांत भागात जादा पोलीस बसवून त्यांचा खर्च रहिवाशांवर लादण्याची तरतूद १८६१ च्या पोलीस कायद्यात व इलाख्यातील तत्सम कायद्यांत होती. रँडच्या खुनानंतर १८९७ साली पुणेकरांना तिचा अनुभव आला. मागाच्या व्यवस्थेत निदान पाऊलखूण दाखवावी लागत असे; येथे सरकारचा संशय पुरेसा होता.

याच काळात ‘पंच’ या शब्दाचा अर्थ पालटला. पंच म्हणजे निवाडा करणारे. गोतसभेत वा पंचायतीत त्यांच्या मुखातून न्याय बाहेर पडे. १८९८ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेत झडतीच्या वेळी त्या वस्तीतील दोन किंवा अधिक प्रतिष्ठित रहिवासी हजर ठेवण्याचा दंडक होता. तो १९७३ च्या संहितेत व त्यानंतरच्या २०२३ च्या कायद्यातही टिकला. या रहिवाशांना मराठीने ‘पंच’ म्हटले, आणि त्यांच्या सहीच्या कागदास ‘पंचनामा’. निवाडा देणारा मनुष्य अशा रीतीने सही करणारा झाला. शब्द तोच राहिला, अधिकार गेला. ‘पंचनामा करणे’ यास पुढे चिरफाड करणे असा लाक्षणिक अर्थही आला, यात लोकभाषेचा थोडा सूड आहे असे वाटते.

वेशीवरच्या माणसाचा प्रश्न मात्र शब्दांच्या पलीकडचा होता. डॉ. आंबेडकरांनी १९२८ साली मुंबई विधिमंडळात १८७४ च्या कायद्यात दुरुस्ती सुचविणारे विधेयक मांडले. महार वतनदारास कामाचे तास नाहीत, कामाची मर्यादा नाही, वेतन अत्यल्प, आणि तो आजारी वा परगावी असल्यास घरातील दुसऱ्या माणसाने राबले पाहिजे, हे त्यामागचे दुःख होते. बाहेरून पाहणाऱ्यास जे गावाचे सहकार्य दिसत होते, ते आतून बिनमुदतीचे दास्य होते. विधेयक मंजूर झाले नाही. कनिष्ठ गावकामगारांची वतने रद्द करणारा कायदा १९५८ साली झाला. पाटीलकीची वतने १९६२ च्या कायद्याने गेली. आणि १९६७ च्या महाराष्ट्र ग्राम पोलीस कायद्याने पोलीस पाटील हा वारसाने नव्हे तर नेमणुकीने येणारा झाला. वतने संपल्यावर जो पगारी गावनोकर आला त्याचे नाव ‘कोतवाल’. संस्कृत ‘कोट्टपाल’ म्हणजे किल्ल्याचा रक्षक. तेथून फारसीच्या वाटेने नगराच्या बंदोबस्ताचा मुख्य. आणि शेवटी महसूल खात्यातील सर्वांत खालच्या पायरीवरचा सेवक. अर्थापकर्षाचे इतके नमुनेदार उदाहरण शोधूनही सापडावयाचे नाही.

वतने नाहीशी झाल्यावर रहिवासी आणि पोलीस यांना जोडणारे काय उरले, याचे उत्तर खेड्यात नव्हे तर भिवंडीत पाहावे लागते. (भिवंडीची प्रसिद्धी यंत्रमागांसाठी, त्या मागाचा या मागाशी संबंध जोडण्याचे कारण नाही.) १९७० आणि १९८४ सालच्या दंगलींनी होरपळलेल्या या शहरात १९८८ साली सुरेश खोपडे हे पोलीस उपायुक्त म्हणून आले. त्यांनी वस्तीवस्तीतून हिंदू व मुसलमान रहिवाशांच्या मोहल्ला समित्या स्थापिल्या. त्यांतील महत्त्वाचा भाग असा, की बैठका केवळ तणावाच्या वेळी नव्हे तर नेमाने होत, आणि हवालदारास आपल्या हद्दीतील माणसे नावानिशी ओळखू येऊ लागली. बाबरी मशिदीच्या विध्वंसानंतर १९९२ च्या डिसेंबरात आणि १९९३ च्या जानेवारीत मुंबई जळत असता भिवंडी शांत राहिली. आशुतोष वार्ष्णेय यांनी २००२ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात या प्रयोगाची दखल घेतली, ती नागरी संबंध शासनाच्या पुढाकाराने उभे करता येतात याचे उदाहरण म्हणून. मुंबईत १९९४ पासून ज्युलिओ रिबेरो, सतीश साहनी व सुशोभा बर्वे यांच्या पुढाकाराने तशीच चळवळ सुरू झाली.

एल्फिन्स्टनच्या राखणदाराशी या समित्यांची तुलना केली असता साम्य एकच उरते : माणसांची ओळख. भरपाई नाही, वतन नाही, जातीने नेमलेले काम नाही. रहिवासी आपखुशीने येतो आणि आपखुशीने उठून जातो. हा मोठाच नैतिक लाभ होय. पण त्याचबरोबर समितीस कोणताही कायदेशीर आधार नव्हता. ती ज्या अधिकाऱ्याच्या उत्साहावर उभी राहिली, त्याच्या बदलीनंतर तिचा जोर ओसरणे क्रमप्राप्त होते. २००६ च्या जुलैत भिवंडीतच एका पोलीस ठाण्याच्या बांधकामावरून तंटा पेटला. ती जागा कबरस्तानालगतची होती. गोळीबारात दोन निदर्शक मरण पावले, आणि त्यानंतर जमावाने दोन पोलीस शिपायांना ठार केले.