चिखलात जन्मलेली बर्फाची साखळी

हिवाळ्यात गुलमर्गला जाऊन आलेल्या माणसाला टंगमर्गचा थांबा आठवत असतोच. इथून वर तेरा-एक किलोमीटरचा घाट आहे, आणि बर्फ पडला की चाकांना साखळ्या नसलेली गाडी पोलीस पुढे सोडत नाहीत. मग आपली गाडी खाली लावायची, ‘चेनवाली’ गाडी ठरवायची, थोडी घासाघीस करायची आणि खडखडाट ऐकत वर जायचं. ही ‘चेन’ डोंगराच्या आणि बर्फाच्याच पोटी जन्मली, असा आपला समज असतो. तिचे जन्माचे कागद मात्र सपाटीवरच्या एका गावाचे आहेत, आणि त्या गावाची ख्याती काळ्या जमिनीची आणि कांद्याची.

न्यूयॉर्क राज्यातलं कॅनस्टोटा हे ते गाव. सिरॅक्यूज शहराच्या पूर्वेला, ईरी कालव्याच्या काठावर वसलेलं. दलदल आटवून काढलेल्या तिथल्या भुसभुशीत जमिनीत कांदा असा पिके की गावाला कांद्याचं गाव म्हणूनच ओळखत. या गावच्या हॅरी वीडला 23 ऑगस्ट 1904 रोजी ‘हवा भरलेल्या टायरसाठी पकड’ अशा अर्थाच्या नावाचं अमेरिकन पेटंट मिळालं. नावात बर्फाचा उल्लेख नाही. बर्फ त्या भागात भरपूर पडतो, तरी मला वाटतं वीडच्या डोळ्यांसमोर चिखल निदान बर्फाइतका तरी असणार. 1904 सालीच अमेरिकी सरकारनं देशातले रस्ते मोजले, तेव्हा जेमतेम 7 टक्के रस्त्यांवर खडी किंवा तत्सम काही घातलेलं आढळलं. बाकी सगळी माती. पाऊस पडला किंवा वसंतात बर्फ वितळला की त्या मातीचा जो राडा व्हायचा, त्यात मोटार रुतली की घोडे जुंपूनच बाहेर काढावी लागे.

खऱ्या कडाक्याच्या हिवाळ्यात तर मोटार बाहेर निघतच नसे. गाड्या उघड्या, आणि रेडिएटरमध्ये साधं पाणी. ते गोठलं की फुगून इंजिनाचा ओतीव ठोकळाच तडकवायचं. म्हणून लोक त्यात अल्कोहोल, मीठ, ग्लिसरीन, कुणी मधसुद्धा घालून बघत. मिठानं धातू खाल्ला जाई, अल्कोहोल उडून जाई. उडून न जाणारा ग्लायकॉल ‘प्रेस्टोन’ या नावानं बाजारात यायला 1927 उजाडलं. तोवर बहुतेक मालक थंडी पडली की पाणी काढून टाकत आणि गाडी ठोकळ्यांवर चढवून वसंताची वाट बघत. बर्फातली कामं घोड्याकडे होती. त्याची तयारी लोहाराला पक्की ठाऊक होती: नालेत टोकदार डोक्याचे खिळे ठोकायचे, म्हणजे गोठलेल्या रस्त्यावर खूर घसरत नाही.

मोटारीच्या चाकाला असा खिळा कुठे ठोकणार? आत हवा. शिवाय त्या वेळचा टायर गुळगुळीत असे. नक्षीदार टायर काँटिनेंटलनं बाजारात आणला तो 1904 मध्येच, आणि तो सर्रास व्हायला पुढे काही वर्षं गेली. अडलेले मोटारवाले चाकाला दोर गुंडाळत, काही जण वेलीसुद्धा. वीडला कल्पना सुचली ती हे पाहूनच, असं सांगतात. दोरानं काम भागे, पण तो काही मैलांत झिजून तुटे. वीडनं दोराच्या जागी लोखंडी साखळी घेतली. इतकंच असतं तर मात्र त्याचं नाव आज कुणी घेतलं नसतं.

त्यानं केली ती दोराच्या शिडीसारखी रचना. टायरच्या दोन्ही बाजूंना दोन लांब साखळ्या, आणि त्यांना जोडणाऱ्या, टायरच्या पाठीवरून आडव्या जाणाऱ्या आखूड साखळ्या. जमिनीत रुततात त्या आडव्या. बाजूच्या दोन फक्त त्यांना जागेवर धरून ठेवतात. चाकाच्या आऱ्यांना बांधणं नाही, पट्टा नाही, स्क्रू नाही. टायरमधली हवा थोडी सोडायची, साखळी चढवायची, आकडा लावायचा आणि पुन्हा पंपानं हवा भरायची. फुगलेला टायरच साखळीला धरून ठेवतो. टायरचा जो मऊपणा खिळा ठोकू देत नव्हता, तोच इथे उपयोगी पडला.

याच जागी एका इंग्रज माणसाचा हक्कही मानावा लागतो. हॅरी पार्सन्सला घसरणविरोधी साखळ्यांचं अमेरिकन पेटंट वीडच्याही आधी, 1903 मध्ये मिळालं होतं, आणि पुढे त्यावरून अमेरिकेत कोर्टकज्जेही झाले. त्याचा मुद्दा बारीक, पण मोलाचा होता: साखळी घट्ट आवळू नका. किंचित सैल राहिली की चाक फिरताना ती टायरवरून हळूहळू सरकत राहते. आडवी कडी दर फेऱ्याला रबराच्या त्याच ठिकाणी घासत नाही, त्यामुळे टायर एका जागी कापला जात नाही. सैल म्हणजे लोंबती नव्हे, हे मात्र सांगायला हवं. लोंबती कडी मडगार्डवर आपटून पत्रा फाडते.

त्या काळात साखळीची जाहिरातही दणक्यात झाली. बेड्यांतून सुटण्यासाठी गाजलेल्या हुडिनीला वीडच्या कंपनीनं स्वतःच्या साखळ्यांत जखडून आव्हान दिलं, आणि ते दाखवायला न्यूयॉर्कचं नाट्यगृह निवडलं. हुडिनी सुटला, अर्थातच. साखळी मजबूत आहे, हे मात्र शहरभर झालं. दुसरीकडे फायरस्टोननं 1908 मध्ये ‘नॉन स्किड’ ही अक्षरंच टायरच्या रबरात कोरली. गाडी गेली की चिखलात कंपनीची जाहिरात उमटलेली.

पुढे रस्ते पक्के झाले, टायरला नक्षी आली, तसा सपाटीवर साखळीला कुणी विचारेना. उलट डांबरावर ती रस्ताही उकरते आणि स्वतःही तुटते. मग ती वर, डोंगरात गेली आणि तिथलीच होऊन राहिली. ऑस्ट्रियातल्या ब्रुकलची पेवाग ही जुनी साखळी कंपनी आपली पहिली बर्फसाखळी 1912 ची असल्याचं सांगते. तिकडे फिनलंडनं वेगळी वाट धरली. तिथे 1934 मध्ये ट्रकसाठी खास हिवाळी टायर निघाला आणि 1936 मध्ये मोटारींसाठी ‘हक्कापेलिट्टा’. महिनोन्‌महिने बर्फातच गाडी हाकायची असेल, तर रोज साखळ्या चढवण्या-उतरवण्यापेक्षा टायरच बदलणं शहाणपणाचं, हे त्या लोकांना लवकर उमगलं. हिवाळी टायरचं रबर 7 अंशांखालीही मऊ राहतं, तेव्हा नेहमीचं रबर कडक होऊन पकड सोडू लागतं.

साखळी उरली ती मोजक्या अवघड टप्प्यांसाठी. कॅलिफोर्नियात सिएरा नेवाडा ओलांडणाऱ्या घाटात बंधनाच्या तीन पायऱ्या आहेत. पहिलीत साखळी किंवा बर्फाचे टायर चालतात. दुसरीत सूट फक्त चारही चाकांना बर्फाचे टायर असलेल्या फोर-व्हील ड्राइव्हला. तिसरीत कुणालाच नाही. फ्रान्सच्या डोंगराळ भागांत 2021 पासून 1 नोव्हेंबर ते 31 मार्च हिवाळी टायर लावणं किंवा गाडीत साखळ्या ठेवणं सक्तीचं आहे.

एक गोष्ट मात्र मुळापासून बदलली. वीडच्या काळात इंजिनाची ताकद मागच्या चाकांना जाई आणि ब्रेकही बहुधा मागेच असत. साखळी कुठे लावायची, हा प्रश्नच नव्हता. आपल्या आजच्या बहुतेक छोट्या गाड्या पुढच्या चाकांवर चालतात, म्हणून साखळी पुढे. त्यानं गाडी चढते. उतारावर मात्र पुढची चाकं रुतून धरतात आणि बिनसाखळीचं शेपूट बाजूला फेकलं जातं. चढ जमला म्हणून उतारावर निर्धास्त होणारे घसरतात ते इथे. ज्या गाडीत जागा आहे, तिथे चारही चाकांना साखळी लावावी. आणि हो, पुष्कळ नव्या गाड्यांत टायर आणि सस्पेन्शन यांच्यामध्ये साखळीपुरती फट उरतच नाही. तसं गाडीच्या पुस्तकात लिहिलेलं असतं, फक्त ते कुणी उघडत नाही.

3 ऑक्टोबर 2020 रोजी 9.02 किलोमीटरचा अटल बोगदा खुला झाला आणि रोहतांग खिंड न ओलांडता लाहौलला जाता येऊ लागलं. तेव्हापासून पुण्या-मुंबईच्या नंबरप्लेटी हिवाळ्यातही तिकडे दिसतात. सोलंगपासून बोगद्याच्या तोंडापर्यंतचा रस्ता सकाळी वरवर नुसता ओला दिसतो, पण ते ओलं म्हणजे काचेसारखा पातळ बर्फ असतो. तिथे फोर-व्हील ड्राइव्हचा बिल्ला कामाचा नाही. गाडी सुटायला लागली की चारही चाकं मिळून घसरतात.

तुम्ही निघणार असाल तर साखळी मनालीत पोहोचून शोधू नका. टायरच्या बाजूवर 215/60 आर 17 अशा धर्तीचा आकडा छापलेला असतो, तो नोंदवून त्याच मापाची साखळी घ्या. घरच्या आवारात, उजेडात, एकदा चढवून आणि उतरवून बघा. शून्याखाली हातमोजे घालून आकडा अडकवणं हे पहिल्या खेपेला जमण्यासारखं काम नाही. साखळी लावल्यावर थोडं अंतर जाऊन थांबा आणि पुन्हा ओढून घ्या, वेग ताशी 40 च्या आसपास ठेवा, आणि डांबर उघडं दिसलं की लगेच काढा.