वेगाची पावती

मुंबईहून कोलकात्याकडे जाणारा महामार्ग भंडारा जिल्ह्यातून जातो. वैनगंगा ओलांडली की पुढे लाखनी, मग साकोली. नागपूर-रायपूर रस्त्याचा हा भाग इंग्रजांच्या कागदांत 'ग्रेट ईस्टर्न रोड' म्हणून येतो. पुढे तो राष्ट्रीय महामार्ग 6 झाला, आणि आता त्याचा क्रमांक 53 आहे. अशा रस्त्यावर वडिलांची मोटारसायकल घेऊन शिकवणीला जाणारी अकरावी-बारावीची मुले आपल्याला अनोळखी नाहीत. मग एके दिवशी वडिलांच्या मोबाइलवर संदेश येतो की, अमुक ठिकाणी आपली गाडी मर्यादेपेक्षा जास्त वेगाने जात होती. वडील विचारतात, "दंड किती?" मुलगा विचारतो, "पण मी किती वेगात होतो हे त्यांना कळलं कसं?"

मुलाने हा प्रश्न सुटका करून घेण्यासाठी विचारला असेल. तरी प्रश्न चांगला आहे, आणि तो सव्वाशे वर्षांपासून विचारला जात आहे.

28 जानेवारी 1896 रोजी इंग्लंडच्या केंट परगण्यात वॉल्टर अर्नोल्ड नावाचे गृहस्थ पॅडक वुड गावातून मोटार घेऊन निघाले. तेव्हा गावात वेगाची मर्यादा ताशी 2 मैल होती, कारण 1865 चा कायदा मुळात रस्त्यावरून चालणाऱ्या वाफेच्या अवजड इंजिनांसाठी केलेला होता. अर्नोल्ड ताशी 8 मैलांनी, म्हणजे साधारण 13 किलोमीटरने चालले होते. एका शिपायाने सायकलवर टांग टाकून त्यांचा पाठलाग केला आणि त्यांना गाठले. वेगाबद्दल त्यांना 1 शिलिंग दंड झाला. वेगाबद्दलच्या दंडाची जगातली ही पहिली नोंद मानली जाते. शिपायापाशी होते काय? सायकल आणि डोळे!

डोळ्यांवर किती भिस्त ठेवायची, हा प्रश्न लवकरच कायद्यापुढे आला. 1903 च्या ब्रिटिश कायद्याने मर्यादा ताशी 20 मैल केली, आणि सोबत अट घातली की वेगाबद्दल एकाच साक्षीदाराचे मत एवढ्यावर कोणाला दोषी ठरवू नये. मग पोलीस मोजलेल्या अंतराच्या दोन टोकांना उभे राहून थांबघड्याळ वापरू लागले. यात चूक किती होते, ते वर्गात काढून पाहण्याजोगे आहे. ताशी 60 किलोमीटरची गाडी 50 मीटर अंतर 3 सेकंदांत कापते. घड्याळाचे बटण दाबण्यात 0.2 सेकंदाची गफलत होऊन 2.8 सेकंद नोंदले गेले, तर उत्तर 64 येते. अंतर 100 मीटर घेतले, तर तीच गफलत 62 वर आणते. अंतर वाढवले की चूक कमी होते. मुलांनी हे शाळेच्या मैदानावर सायकलींचा वेग मोजून करावे, महामार्गावर नव्हे.

आपल्याकडे 1914 साली मोटार वाहन कायदा आला. भंडारा तेव्हा मध्यप्रांतात होता. 18 वर्षांखालील व्यक्तीने सार्वजनिक ठिकाणी मोटार चालवू नये, हे त्या कायद्यातही होते. 1939 च्या कायद्यात एका साक्षीदाराबद्दलची अट आली, आणि तिला एक अपवाद जोडला गेला: मत यांत्रिक साधनाने केलेल्या मोजणीवर आधारलेले असेल तर एक साक्षीदार पुरे. 1988 च्या कायद्याच्या कलम 183 मध्ये हेच वाक्य आहे. 2019 मध्ये त्यात 'इलेक्ट्रॉनिक' या शब्दाची भर पडली.

हे इलेक्ट्रॉनिक साधन डॉप्लरच्या तत्त्वावर चालू शकते. 1842 मध्ये क्रिस्टियन डॉप्लर यांनी मांडलेले हे तत्त्व 1845 मध्ये हॉलंडमध्ये रेल्वेत तुतारीवाले बसवून तपासले गेले. आपल्या रडारच्या लहरी गाडीवर आपटून परततात तेव्हा त्यांची वारंवारता बदललेली असते. सेकंदाला 24 अब्ज कंपने असलेल्या लहरी सोडल्या आणि गाडी ताशी 90 किलोमीटरने समोर येत असली, तर फरक फक्त 4000 कंपनांचा पडतो. तेवढा फरक उपकरणाला सहज पकडता येतो. रडार रस्त्याच्या कडेला, गाडीच्या दिशेशी 20 अंशांचा कोन करून असेल तर मात्र 90 ऐवजी सुमारे 85 दिसतात. म्हणजे कोनामुळे होणारी चूक गाडीवाल्याच्या फायद्याची असते! (पुष्कळ ठिकाणी आता लेसर वापरतात, तेथे प्रकाशाच्या स्पंदांना परत यायला लागणारा वेळ मोजतात.)

उपकरण बरोबर आहे हे कोण सांगणार? 2021 च्या केंद्रीय नियमांनी अशा उपकरणाला दरवर्षी नूतनीकरण करावे लागणारे प्रमाणपत्र आवश्यक केले, आणि 2025 मध्ये वेगमापक रडार वजनमापांच्या नियमांखाली आले. किराणा दुकानातल्या वजनावर शिक्का असतो, तसाच आता यावरही हवा. तेव्हा मुलाला प्रमाणपत्र मागण्याचा हक्क आहे. चलान मान्य नसेल तर न्यायालयातही जाता येते.

पण तेथे गेल्यावर दुसरे कलम समोर येते. 1972 मध्ये पुण्याच्या कायनेटिकने 'लुना' आणली आणि गावोगावच्या मुलांच्या हाती 50 सीसीचे इंजिन आले. 1988 च्या कायद्याने 16 वर्षे पूर्ण झालेल्यांना गिअर नसलेली दुचाकी चालवण्याची सवलत दिली; 1994 मध्ये ती 50 सीसीपर्यंतच्या दुचाकींपुरती झाली. वडिलांची मोटारसायकल बहुधा 100 सीसीच्या आसपासची असते. 2019 मध्ये आलेले कलम 199अ सांगते की अल्पवयीन मुलाने या कायद्याखालचा गुन्हा केला, तर पालक किंवा गाडीचा मालक दोषी मानला जाईल. शिक्षा तीन वर्षांपर्यंत कैद आणि 25,000 रुपये दंड. गाडीची नोंदणी 12 महिन्यांसाठी रद्द होते, आणि मुलाला वयाच्या पंचविशीपर्यंत शिकाऊ परवानाही मिळत नाही. मुलाने आपल्या नकळत गाडी नेली, किंवा आपण पुरती काळजी घेतली होती, हे सिद्ध करण्याची जबाबदारी पालकावर आहे.

किल्ली कोठे टांगलेली होती, हे सांगणारे उपकरण मात्र नाही. ते वडिलांनाच न्यायाधीशांसमोर सांगावे लागते.