‘स्निगर’ कधी जन्मला?

बेसाच्या आमच्या खोलीवर परवा मित्रानं प्रबंधातलं वाक्य वाचून दाखवलं: “इंग्रजीत ‘स्निगर’ हा शब्द 1706 मध्ये जन्मला.” मला फिस्सकन हसू आलं. असं दाबता दाबता नाकातून निसटलेलं हसू म्हणजेच स्निगर!

पण बघा, 1706 हे सापडलेल्या नोंदीचं साल. शब्द बोलण्यात आधीही असणार. त्याचा जुळा ‘स्निकर’ तर 17व्या शतकाच्या अखेरीसच लिखाणात दिसतो. मोल्सवर्थचा मराठी कोश 1831 चा, म्हणून काय पेशवाईत कोणी फिदीफिदी हसतच नव्हतं? असे शब्द बहुधा आवाजावरूनच घडतात, उगाच धातू शोधत बसू नका. जन्मसाल सांगता येतं ते ‘चॉर्टल’चं: लुईस कॅरलनं 1871 च्या पुस्तकात तो स्वतः घडवला.

मित्रानं ‘जन्मला’ खोडून ‘पहिली ज्ञात नोंद’ लिहिलंय. तुमचाही मसुदा एकदा तपासा.