संगमावरचे गाव आणि विमानतळावरची सीमा

१/ नरसिंहपूरला नीरा भीमेला मिळते. अलीकडे पुणे जिल्हा, पलीकडे सोलापूर. नदी ओलांडणाऱ्याला कोणी कागद विचारत नाही.

२/ मोझेल नदीकाठचे शेंगेन असेच लहान गाव. फ्रान्स, जर्मनी व लक्झेंबर्ग यांच्या सीमा तेथे भिडतात. १४ जून १९८५ रोजी तेथेच, नदीतील बोटीवर, पाच देशांनी आपापसांतील सीमातपासणी हळूहळू उठवण्याचा करार केला. २६ मार्च १९९५ पासून तो अमलात आला.

३/ आतली सीमा पुसली, तशी बाहेरची पहिल्या विमानतळावर येऊन उभी राहिली. मुंबई–फ्रँकफर्ट–पॅरिस–न्यूयॉर्क या प्रवासात फ्रँकफर्ट–पॅरिस टप्पा अंतर्गत ठरतो. म्हणून भारतीय पारपत्रधारकाला सर्वसाधारणपणे शेंगेन व्हिसा लागतो.

४/ ‘आम्ही फक्त विमान बदलणार’ असे म्हणणाऱ्याला ही सीमा मुंबईतच अडवते.