अश्मीभूत काष्ठाची साक्ष आणि दख्खनच्या कातळाचे वय

जालना जिल्ह्याची काळी माती ज्या बेसाल्टावर विसावली आहे, तो एकाच उद्रेकाचा परिणाम नसून एकावर एक पसरलेल्या लाव्हाप्रवाहांचा संचय होय. दोन प्रवाहांमधील विरामकाळात ठिकठिकाणी तळी साचली, वृक्ष वाढले आणि पुढील प्रवाहाखाली गाडले गेले. असे अंतरा-ट्रॅपी थर या पठाराच्या पूर्व सीमेवर, नागपूर, वर्धा (नवरगाव) व छिंदवाडा (मोहगाव कलान) या भागांत, विशेष समृद्ध आहेत. त्यांतील काष्ठाच्या अभ्यासाचा इतिहास हा एका उद्बोधक तर्कदोषाचाही इतिहास आहे.

नागपूरचे मिशनरी स्टीफन हिस्लॉप यांनी तेथील अवशेष जमविले व १८६० च्या निबंधात हे थर तृतीय कल्पातील मानले. पुढे भूवैज्ञानिकांचे मत क्रिटेशस कल्पाकडे झुकले. १९३४ साली बिरबल साहनी यांनी वनस्पतींच्या, विशेषतः ताडकुलाच्या प्राचुर्याच्या, आधारे तृतीय कल्पाचा पुन्हा पुरस्कार केला.

हा पुरावा बारकाईचा होता. सिलिकेने पेशींची घडण जशीच्या तशी राखल्यामुळे, घासून पातळ केलेल्या छेदात वाहिका, मृदूतक व मज्जाकिरण सूक्ष्मदर्शकाखाली स्पष्ट दिसतात. ‘पामोक्सिलॉन’ या ताडखोडांत वाहक वृंद विखुरलेले असतात. ऊतककर नसल्याने वार्षिक वलयांचा प्रश्नच उद्भवत नाही. द्विदलिकित वृक्षांत वलये पडू शकतात. तरीही येथील बहुतेक काष्ठांत ती अस्पष्ट आहेत किंवा मुळीच नाहीत. वाढ खुंटविणारा कडक हिवाळा तेथे नव्हता, हे त्यावरून उघड होते.

साहनी १९४९ मध्ये निवर्तले. १९८० नंतरच्या किरणोत्सर्गी कालमापनाने मुख्य उद्रेक सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वीचे, दोन्ही कल्पांच्या सीमेवरचे ठरले. मोहगाव कलानचे थर तर आता सामान्यतः क्रिटेशसच्या अखेरीचे मानले जातात. २०१७ साली व्हीलर, श्रीवास्तव, मँचेस्टर व बास यांनी द्विदलिकित काष्ठांचा एकत्रित आढावा घेतला. वाहिकांच्या टोकांशी शिडीसारख्या पडद्याऐवजी एकच मोकळे छिद्र असणे, यांसारखी लक्षणे पाहून त्यांनी ही काष्ठे आपल्या काळाच्या मानाने आश्चर्यकारक आधुनिक ठरविली.

तात्पर्य, निरीक्षण सदोष नव्हते. आधुनिक घडण म्हणजे अलीकडचा काळ, हे गृहीतक सदोष होते. वृक्ष कोणत्या हवामानात वाढला हे काष्ठ सांगते. तो केव्हा वाढला, याची साक्ष मात्र त्याला वेढणाऱ्या कातळाकडूनच घ्यावी लागते.