कळा खऱ्या की खोट्या?

नववा महिना लागला की साऱ्या घराचे लक्ष गर्भवतीच्या चेहऱ्याकडे असते. तिने सहज कमरेवर हात ठेवला, तरी आई किंवा सासूबाई विचारतात, 'दुखतंय का गं?' पहिलटकरणीला या प्रश्नाचे उत्तर देणे सोपे नसते. लवकर धाव घेतली तर 'अजून अवकाश आहे' असे सांगून घरी पाठवले जाते. थांबावे तर शहरातील वाहतुकीत अडकण्याची धास्ती. त्यामुळे प्रसूतीची सुरुवात कशी ओळखावी, याची माहिती आधीच करून घेतलेली बरी.

प्रथम तारखेविषयी. फायलीवर लिहिलेली तारीख ही शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून २८० दिवस मोजून काढलेली असते. त्या दिवसात नऊ महिने आणि सात दिवस मिळवण्याची ही रीत एकोणिसाव्या शतकातील जर्मन प्रसूतितज्ज्ञ नेगेले यांच्या नावाने ओळखली जाते. आपल्याकडील 'नऊ महिने नऊ दिवस' हा हिशेबही तिच्या जवळचाच. मात्र नेमक्या त्याच तारखेला जन्मणारी बाळे शंभरात चार-पाचच असतात. ३७ आठवडे पूर्ण झाल्यानंतर कधीही कळा सुरू होऊ शकतात. तेव्हा ही तारीख नातेवाइकांना फार ठामपणे न सांगणेच शहाणपणाचे. ती उलटून गेल्यावर येणाऱ्या दूरध्वनींचा ताण गर्भवतीलाच सोसावा लागतो. तारीख उलटल्यावर पुढे किती थांबायचे, हे मात्र डॉक्टरांनीच ठरवायचे असते.

पहिल्या खेपेस प्रसूतीपूर्वी दोन ते चार आठवडे बाळाचे डोके कटिभागात उतरते. पोट खाली आल्यासारखे दिसते, श्वास मोकळा होतो आणि लघवीला वारंवार जावे लागते. हे तयारीचे लक्षण आहे, प्रसूती सुरू झाल्याचे नव्हे. दुसऱ्या-तिसऱ्या खेपेस डोके अनेकदा कळा सुरू झाल्यावरच उतरते.

खोट्या कळांनी सर्वाधिक फसगत होते. इंग्लंडमधील डॉक्टर जॉन ब्रॅक्स्टन हिक्स यांनी १८७२ मध्ये त्यांचे वर्णन केले आणि त्यांच्याच नावाने त्या आजही ओळखल्या जातात. पोट मध्येच दगडासारखे घट्ट होते, थोड्या वेळाने सैल पडते. या कळांना ताल नसतो. एकदा दहा मिनिटांनी, मग अर्ध्या तासाने, नंतर बराच वेळ काहीच नाही. पाणी प्यायल्यावर, कूस बदलल्यावर, कोमट पाण्याने स्नान केल्यावर किंवा थोडे चालल्यावर त्या बहुधा ओसरतात.

खऱ्या कळा ओसरत नाहीत. त्या बहुधा कमरेतून निघून ओटीपोटाकडे येतात, ठरावीक अंतराने येतात आणि हे अंतर हळूहळू कमी होत जाते. प्रत्येक कळ आधीच्या कळेपेक्षा जोरकस व अधिक वेळ टिकणारी असते. कळ भरात असताना गर्भवतीला बोलता बोलता थांबावे लागते. गर्भाशयाच्या या आकुंचनांमुळेच त्याचे मुख पातळ होऊन उघडू लागते. ते पूर्ण उघडते तेव्हा दहा सेंटिमीटर होते. जागतिक आरोग्य संघटनेने २०१८ मध्ये दिलेल्या मार्गदर्शनानुसार पाच सेंटिमीटरपासून प्रसूतीचा सक्रिय टप्पा धरला जातो. त्याआधीचा टप्पा पहिलटकरणीत बराच लांबू शकतो. काहींची तर सारी रात्र त्यात जाते. हा वेळ घरी, हलके खाऊन, विश्रांती घेत काढता येतो.

घड्याळ हाताशी ठेवावे. एक कळ सुरू झाल्यापासून पुढची सुरू होईपर्यंतचा काळ मोजावा व लिहून ठेवावा. पहिल्या खेपेस दर पाच मिनिटांनी, सुमारे मिनिटभर टिकणाऱ्या कळा तासभर येत राहिल्या की निघावे. रुग्णालय दूर असेल, आधीचे बाळंतपण झटपट झाले असेल, तर याहून लवकर. पूर्वी सिझेरियन झालेल्या स्त्रीने नियमित कळांची वाट पाहू नये. दुखू लागताच डॉक्टरांना कळवावे.

गुलाबी किंवा किंचित रक्तमिश्रित चिकट स्राव जाणे म्हणजे गर्भाशयमुखावरील चिकट बूच सुटणे. त्यानंतर काही तासांत कळा सुरू होतात, कधी काही दिवसही लागतात. केवळ त्यासाठी घाई नको.

पाणी जाणे ही मात्र वेगळी बाब. चित्रपटात दिसते तसा लोंढा प्रत्येकीला येतोच असे नाही. कधी नुसती ओल झिरपत राहते आणि ती लघवीच समजली जाते. स्वच्छ पॅड लावून वेळ व रंग पाहावा. कळा नसल्या तरी रुग्णालयात जावे, कारण पाणी गेल्यानंतर जंतुसंसर्गाचा धोका वाढतो. पाणी हिरवट असेल तर बाळाने आत शी केलेली असू शकते. अशा वेळी विलंब करू नये. नाळ बाहेर आल्यासारखी वाटली तर गर्भवतीने गुडघे व कोपरे टेकून, कंबर उंच ठेवून ओणवे राहावे, तिला चालवू नये आणि ताबडतोब रुग्णवाहिका बोलवावी.

लाल ताजा रक्तस्राव, कळांच्या मध्येही सैल न पडणारे दुखरे पोट, तीव्र डोकेदुखी, डोळ्यांपुढे अंधारी, ही सारी तातडीने जाण्याची कारणे आहेत. 'प्रसूती जवळ आली की बाळ शांत होते' हा घरोघरी ऐकू येणारा समज चुकीचा आहे. हालचाल कमी झाली तर सकाळची वाट न पाहता तपासून घ्यावे. ३७ आठवड्यांआधी ठरावीक अंतराने पोट आवळू लागले तरीही तसेच. वेळेत पोहोचल्यास बाळाच्या फुप्फुसांसाठी इंजेक्शन देता येते.

कळा आणण्यासाठी एरंडेल देण्याचा सल्ला अद्यापही काही घरांत मिळतो. त्याने जुलाब व उलट्या होऊन ऐन वेळी शक्ती जाते, म्हणून डॉक्टरांना विचारल्याविना ते देऊ नये. पहिल्या बाळंतपणासाठी माहेरी आलेल्या मुलीची फाईल, सोनोग्राफीचे अहवाल आणि रक्तगटाची नोंद दाराजवळच्या पिशवीत असावी. वाहन नसल्यास राज्यात १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका विनामूल्य मिळते. २०११ पासूनच्या जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमानुसार सरकारी रुग्णालयातील प्रसूतीही, सिझेरियनसह, मोफत आहे.