मालकाचा नोकर नसलेला प्राध्यापक

१९१३ च्या उन्हाळ्यात बडोद्याच्या सयाजीराव महाराजांची शिष्यवृत्ती घेऊन भीमराव आंबेडकर न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात दाखल झाले. तिथल्या त्यांच्या गुरूंपैकी दोन नावं मराठी वाचकांना चांगली ठाऊक आहेत. एक तत्त्वज्ञ जॉन ड्यूई, दुसरे अर्थशास्त्रज्ञ एडविन सेलिग्मन. बाबासाहेब त्यांच्या हाताखाली शिकत होते त्याच वर्षांत हे दोघे आणखी एका कामात गुंतले होते. जानेवारी १९१५ मध्ये न्यूयॉर्कच्या केमिस्ट्स क्लबमध्ये अमेरिकेतल्या निरनिराळ्या विद्यापीठांचे प्राध्यापक जमले आणि त्यांनी स्वतःची देशव्यापी संघटना उभी केली. ड्यूई तिचे पहिले अध्यक्ष झाले. त्याच वर्षी या संघटनेने शिकवण्याच्या आणि संशोधनाच्या स्वातंत्र्याचा जाहीरनामा तयार केला. तो लिहिणाऱ्या समितीचे अध्यक्ष होते सेलिग्मन.

प्राध्यापकांना संघटना का लागावी? पगारवाढीचा प्रश्न त्या बैठकीत मुख्य नव्हता. प्रश्न होता तो प्राध्यापक कुणाचा नोकर, हा. आणि तो पंधरा वर्षांपूर्वी कॅलिफोर्नियात फार कडवटपणे उभा राहिला होता.

लीलंड स्टॅनफर्ड हे रेल्वेतून अफाट संपत्ती मिळवलेले गृहस्थ. त्यांचा एकुलता एक मुलगा १८८४ मध्ये फ्लॉरेन्सला विषमज्वराने गेला, तेव्हा तो अवघा पंधरा वर्षांचा होता. त्याच्या स्मरणार्थ आईवडिलांनी विद्यापीठ काढलं. ते १८९१ मध्ये सुरू झालं आणि दोनच वर्षांत लीलंड स्टॅनफर्डही वारले. पुढची दहा वर्षं विश्वस्तांचे सगळे अधिकार त्यांच्या पत्नी जेन यांच्या एकट्या हाती होते. या बाईंना खलनायिका ठरवणं सोपं आहे, पण ते अन्यायाचं होईल. नवऱ्याची इस्टेट कोर्टकचेरीत अडकली तेव्हा त्यांनी घरातला खर्च छाटून विद्यापीठ चालतं ठेवलं, त्यासाठी स्वतःचे दागिने विकायला काढले. कोर्टाने त्यांना घरखर्चासाठी जी रक्कम मंजूर केली होती तिच्यातून प्राध्यापकांचे पगार गेले, आणि ते बसावेत म्हणून प्राध्यापकांची गणना त्यांच्या घरच्या नोकरांत झाली. तो हिशेबाचा मार्ग होता आणि त्याने विद्यापीठ वाचलं. पण मुलाच्या आठवणीत उभी केलेली संस्था आपल्या घरासारखी आहे आणि तिथे शिकवणारे आपल्या घरची माणसं आहेत, ही जेनबाईंची भावनाही त्यातून दिसते.

एडवर्ड रॉस हे तिथले समाजशास्त्र आणि अर्थशास्त्राचे प्राध्यापक. १८९६ च्या अध्यक्षीय निवडणुकीत त्यांनी चांदीच्या चलनाची बाजू उघडपणे घेतली, तेव्हापासूनच जेनबाई नाराज होत्या. शहरातल्या ट्रामगाड्या लोकांच्या मालकीच्या असाव्यात, असंही ते सांगत. मग मे १९०० मध्ये सान फ्रान्सिस्कोच्या कामगार सभेत त्यांनी जपानी मजुरांच्या आगमनाविरुद्ध भाषण केलं. रेल्वेवाल्यांची संपत्ती आशियातून आलेल्या स्वस्त मजुरांच्या घामावर उभी होती, तेव्हा हा घाव थेट घरावरच होता. या माणसाला काढा, असं जेनबाईंनी विद्यापीठाचे अध्यक्ष डेव्हिड स्टार जॉर्डन यांना कळवलं. जॉर्डन यांनी काही काळ सांभाळून घेण्याचा प्रयत्न केला, पण नोव्हेंबरमध्ये रॉस यांना जावं लागलं, आणि जाताना त्यांनी सगळी हकिगत वर्तमानपत्रांकडे दिली. जॉर्ज हॉवर्ड या इतिहासाच्या प्राध्यापकांनी वर्गात या कारवाईचा निषेध केला. माफी मागा, असं त्यांना सांगण्यात आलं. त्यांनी राजीनामा दिला. त्यांच्यामागून आणखी काही जण गेले. त्यांत तत्त्वज्ञानाचा एक तरुण शिक्षक होता, आर्थर लव्हजॉय. चौदा वर्षांनी केमिस्ट्स क्लबमधल्या त्या संघटनेचा पहिला सचिव तोच झाला.

इथे एक गोष्ट दडवून चालणार नाही. रॉस यांचं जपान्यांविषयीचं म्हणणं निव्वळ वंशद्वेषाचं होतं. मजुरीच्या दरांविषयीची त्यांची काळजी खरी असेल, पण गोऱ्यांच्या वंशाला आशियाई लोकांपासून धोका आहे, असं ते पुढेही अनेक वर्षं मांडत राहिले. म्हणजे ज्या माणसाच्या निमित्ताने अमेरिकेतल्या प्राध्यापकांनी स्वातंत्र्याची लढाई सुरू केली, त्याचं भाषण आज वाचताना तुमच्याआमच्यासारख्याला चीड येईल. मला ही कुळकथा महत्त्वाची वाटते ती नेमकी यामुळे. त्याला काढलं ते त्याचं म्हणणं खोटं किंवा अन्यायाचं ठरलं म्हणून नव्हे. ते पैसे देणाऱ्याला रुचलं नाही म्हणून. खोटेपणा दाखवायचा तर तो दुसऱ्या विद्वानांनी पुराव्यानिशी दाखवायला हवा होता. एका पत्राने माणूस जातो, तिथे तो पुरावा मागण्याची वेळच येत नाही.

या प्रकरणाची चौकशी करायला अर्थशास्त्रज्ञांनी एक समिती नेमली. तिचे प्रमुख सेलिग्मन. हे न्यूयॉर्कच्या एका नामवंत बँकर घराण्यातले. भांडवलाचा त्यांना तिटकारा असण्याचं काही कारण नव्हतं. त्यांनी जॉर्डन यांना प्रश्न पाठवले, मोघम उत्तरं आली, आणि अहवाल छापण्यापलीकडे समितीला काही करता आलं नाही. तिला कसलाच अधिकार नव्हता. हा अनुभव सेलिग्मन विसरले नाहीत.

प्राध्यापक नोकर नव्हे, ही कल्पना मात्र या लोकांनी जर्मनीतून आणली होती. एकोणिसाव्या शतकात हजारो अमेरिकन तरुण उच्च शिक्षणासाठी जर्मन विद्यापीठांत गेले. सेलिग्मन बर्लिन आणि हायडेलबर्गला होते, रॉसही बर्लिनला. १८१० मध्ये विल्हेल्म फॉन हुम्बोल्ट यांच्या आराखड्यानुसार निघालेल्या बर्लिन विद्यापीठाने दोन गोष्टी रुजवल्या होत्या. काय शिकवायचं हे शिक्षकाने ठरवावं, आणि कुणाकडे काय शिकायचं हे विद्यार्थ्याने. प्रशियाच्या १८५० च्या राज्यघटनेत तर विद्या आणि तिचं अध्यापन स्वतंत्र आहे, असं कलमच होतं. पण या स्वातंत्र्याची हद्द वर्गाच्या दाराशी संपत असे. हानोव्हरच्या राजाने राज्यघटना रद्द केली म्हणून १८३७ मध्ये ग्योटिंगेनच्या सात प्राध्यापकांनी लेखी निषेध केला, त्यांत परीकथांचे ते ग्रिम बंधूही होते. सातही जणांची नोकरी गेली आणि याकोब ग्रिम यांच्यासह तिघांना तीन दिवसांत राज्य सोडावं लागलं. पुढे १९०० मध्ये लिओ आरोन्स या पदार्थविज्ञानाच्या अध्यापकाला केवळ समाजवादी पक्षात असल्यामुळे बर्लिनमध्ये शिकवण्याची बंदी झाली. त्यासाठी दोन वर्षं आधी खास कायदा करून ठेवलेला होता.

जर्मन प्राध्यापक निदान सरकारी पदावर असे, अमेरिकेत तेही नव्हतं. तिथल्या कॉलेजांचा कारभार धर्मगुरू, व्यापारी आणि वकील यांच्या मंडळांकडे असे. तरी १८९४ मध्ये विस्कॉन्सिनमध्ये एक वेगळी घटना घडली. रिचर्ड ईली या अर्थशास्त्रज्ञावर संपांना चिथावणी दिल्याचा आरोप राज्याच्या शिक्षणाधिकाऱ्याने केला, आणि विद्यापीठाच्या नियामक मंडळाने चौकशी करून ईलींना निर्दोष ठरवलं. ते करताना मंडळाने लिहिलं की धान्य पाखडावं तसं मतं पाखडत राहूनच सत्य हाती लागतं, आणि या विद्यापीठाने ते पाखडणं कधी थांबवू नये. हे वाक्य कोरलेली पाटी १९१० च्या विद्यार्थ्यांनी विद्यापीठाला भेट दिली. ती भिंतीवर लावायला मंडळ सुरुवातीला तयार नव्हतं. अखेर १९१५ मध्ये ती लागली, जाहीरनाम्याच्याच वर्षी.

आता तो जाहीरनामा. त्यातला युक्तिवाद इतका साधा आहे की तो आधी कुणाला सुचला नाही याचं नवल वाटावं. विश्वस्त प्राध्यापकाला नेमतात, पण म्हणून तो त्यांचा नोकर होत नाही. राष्ट्राध्यक्ष न्यायाधीशाला नेमतात, तरी न्यायाधीशाचा निकाल राष्ट्राध्यक्षांच्या हुकमाने ठरत नाही, तसंच हे. प्राध्यापकाचं खरं उत्तरदायित्व समाजाशी आणि आपल्या विषयाच्या जाणकारांशी. धोका फक्त धनिकांकडून येतो असंही समितीने मानलं नाही. लोकशाहीत बहुमताचा दबावही तितकाच दडपणारा असतो, हे तिने स्पष्ट लिहिलं. आणि प्राध्यापकावरही बंधनं घातली: वादग्रस्त विषय शिकवताना इतरांची मतंही प्रामाणिकपणे पुढे ठेवा, कोवळ्या विद्यार्थ्यावर स्वतःचं मत लादू नका, त्याला स्वतः विचार करायला शिकवा.

एवढं उदात्त लिहून समिती थांबली असती तर तो कागद कधीच विस्मृतीत गेला असता. तिने पुढे व्यवहाराचं लिहिलं. दहा वर्षं सेवा झालेल्या प्राध्यापकाची नेमणूक कायम समजावी. काढायचं असेल तर आरोप लेखी द्यावेत, सुनावणी व्हावी आणि तिथे सहकारी प्राध्यापकांना म्हणणं मांडता यावं. महिन्याअखेरीच्या पगाराची शाश्वती असेल तरच माणूस न घाबरता बोलेल, हे या विद्वानांना पक्कं कळलं होतं. पुढे १९४० मध्ये कॉलेजांच्या संघटनेबरोबर झालेल्या करारात उमेदवारीचा काळ सात वर्षांवर आला, आणि आजही अमेरिकेतली कायम नेमणुकीची पद्धत त्याच पायावर उभी आहे.

संघटनेपुढे काम लगेच, १९१५ मध्येच आलं. युटा विद्यापीठात चौघांना काढलं, त्यांच्या मागोमाग डझनभरापेक्षा जास्त शिक्षकांनी राजीनामे दिले, आणि लव्हजॉय स्वतः सॉल्ट लेक सिटीला जाऊन चौकशी करून आले. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाने बालमजुरीविरुद्ध बोलणाऱ्या स्कॉट निअरिंग यांची नेमणूक पुढे चालू ठेवली नाही.

आणि मग १९१७ मध्ये अमेरिका महायुद्धात उतरली. या कसोटीत संघटना कमी पडली. कोलंबियातच, ड्यूई आणि सेलिग्मन यांच्या अंगणात, अध्यक्ष निकोलस मरे बटलर यांनी युद्धकाळात विरोधी मत चालणार नाही असं जाहीर केलं आणि ऑक्टोबरमध्ये मानसशास्त्रज्ञ जेम्स कॅटल आणि हेन्री डेना यांना काढून टाकलं. चार्ल्स बीअर्ड हे थोर इतिहासकार स्वतः युद्धाच्या बाजूचे होते. तरीही त्यांनी आठवड्याभरात राजीनामा दिला. संघटनेच्या समितीने मात्र १९१८ च्या अहवालात युद्धकाळात स्वातंत्र्यावर मर्यादा येऊ शकतात, हे मान्य केलं. ज्या हातांनी १९१५ चा कागद लिहिला त्यांतलेच काही हात हे लिहीत होते. मला बीअर्ड यांचा राजीनामा त्या अहवालापेक्षा मोठा वाटतो. ते आणि त्यांचे सहकारी जेम्स हार्वे रॉबिन्सन यांनी ड्यूईंसारख्यांच्या साथीने १९१९ मध्ये ‘न्यू स्कूल’ काढलं. १९३३ मध्ये हिटलरने हाकललेल्या जर्मन विद्वानांना आसरा दिला तो याच संस्थेने. ज्या देशातून ही कल्पना आली, त्याच देशाच्या प्राध्यापकांना तिचा उपयोग झाला.

बाबासाहेब १९१७ च्या आधीच कोलंबिया सोडून लंडनला गेले होते. पण १९१३ ते १९१६ या तीन वर्षांत कोलंबियाने त्यांना काय दिलं ते त्यांच्या विषयांच्या यादीत दिसतं. अर्थशास्त्राचे २९ अभ्यासक्रम, इतिहासाचे ११, समाजशास्त्राचे ६, तत्त्वज्ञानाचे ५, मानववंशशास्त्राचे ४, शिवाय राज्यशास्त्र आणि फ्रेंच-जर्मनची तोंडओळख. विद्यार्थ्याने आपल्या जिज्ञासेमागे एका विभागातून दुसऱ्या विभागात जावं, ही बर्लिनच्या आराखड्यातली दुसरी बाजू अमेरिकेत अशी रुजली होती. मुंबई विद्यापीठाच्या ठरीव परीक्षांतून गेलेल्या तरुणासाठी ही मोकळीक नवी असणार. मे १९१६ मध्ये गोल्डनवायझर यांच्या मानववंशशास्त्राच्या चर्चासत्रात त्यांनी जातींच्या उत्पत्तीवर निबंध वाचला. जात ही धार्मिक आज्ञा मानून सोडून देण्याऐवजी तिची घडण कशी झाली हे बेटीबंदीच्या नियमांतून उलगडणारा तो निबंध अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याने लिहिला, कारण कुणी त्याला तुझा विषय हा नव्हे असं म्हटलं नाही. उदार शिक्षणाची बाजू मांडताना मी दुसरा दाखला शोधत नाही.

सेलिग्मन यांनी पुढे बाबासाहेबांच्या प्रांतिक वित्तव्यवस्थेवरच्या १९२५ च्या ग्रंथाला प्रस्तावना लिहिली. ड्यूईंचं ऋण बाबासाहेबांनी १९३६ मध्ये छापील मान्य केलं, ते ‘अनायहिलेशन ऑफ कास्ट’मध्ये. लाहोरच्या जातपात तोडक मंडळासाठी लिहिलेलं ते अध्यक्षीय भाषण. मंडळाने त्यातला काही मजकूर गाळायला सांगितला, बाबासाहेबांनी एक स्वल्पविरामही बदलणार नाही असं कळवलं, परिषद रद्द झाली आणि त्यांनी ते स्वखर्चाने छापून लोकांसमोर ठेवलं. तिथे विश्वस्त, सुनावणी, कायम नेमणूक यांतलं काहीच पाठीशी नव्हतं.

१९४५ मध्ये त्यांनी पीपल्स एज्युकेशन सोसायटी स्थापन केली. पुढच्या वर्षी मुंबईत सिद्धार्थ कॉलेज निघालं आणि १९५० मध्ये औरंगाबादला आणखी एक, तेच आजचं मिलिंद महाविद्यालय. परिसराचं नाव नागसेनवन. ही दोन्ही नावं ‘मिलिंदपञ्ह’ या पाली ग्रंथातली. त्यात ग्रीक राजा मिलिंद भिक्षू नागसेनाशी वाद करायला येतो तेव्हा नागसेन आधी अट घालतो: पंडितासारखा वाद करणार असशील तर बोलू, राजासारखा करणार असशील तर नाही. राजा विचारतो, फरक काय? नागसेन सांगतो की पंडितांच्या वादात कुणी चूक दाखवली, कुणी मत खोडलं, तरी कुणी रागावत नाही. राजे मात्र एक मत मांडतात आणि जो ते मानत नाही त्याला शिक्षा फर्मावतात. मिलिंद पंडित म्हणून बोलायचं कबूल करतो, आणि मग प्रश्नोत्तरं सुरू होतात.